९७ टक्के अपूर्णांक : अभ्यासाच्या एका ॲपसोबत सात महिने

मुलगी सहावीत, वय अकरा. घरात तिला चिऊ म्हणतात, इथेही तेच म्हणते. मी डेटाबेस सांभाळायचं काम करते, म्हणजे दिवसभर लोकांच्या नोंदी नीट आहेत की नाहीत ते तपासत बसते. त्यामुळे ‘तुमच्या मुलाच्या प्रत्येक उत्तरावरून शिकणारं ॲप’ अशी जाहिरात बघून मला कौतुकही वाटलं आणि जरा खाजही सुटली. वर्षाची वर्गणी भरली. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच जातीचं कुठलंही ॲप घरी असेल तर ओळख पटेलच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. शब्दसंग्रहाचा विभाग उत्तम. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी परत येतो, जमला की तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. यामागची कल्पना जुनी आहे. हर्मान एबिंगहाऊसने १८८५ साली निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, आपण ते किती वेगाने विसरतो याची मोजदाद केली होती. पुढे १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनरने पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे करून कार्डं पुढे-मागे सरकवायची पद्धत लोकप्रिय केली. ॲप तेच खोकं न कंटाळता चालवतं. मी आठवडाभरात विसरले असते. चिऊचे तीनशेच्या वर शब्द पक्के झाले, आणि ते मी ॲप बंद ठेवून तोंडी विचारून बघितलंय. शिवाय ॲप वैतागत नाही. रात्री नऊ वाजता सातव्यांदा तोच शब्द चुकला की माझा आवाज चढतो, त्याचा चढत नाही.

आता गणित.

दुसऱ्या महिन्यात ‘अपूर्णांकांची बेरीज’ या धड्यापुढे हिरवं वर्तुळ पूर्ण भरलं आणि आत आकडा आला : प्रभुत्व ९७ टक्के. फटाके फुटल्याचं चित्र वगैरे. त्याच आठवड्यात शाळेची चाचणी झाली. त्यात ३/४ + १/८ होतं. चिऊने लिहिलं होतं ४/१२.

“हे कसं काढलंस?”

“वरचे वर, खालचे खाली.”

“बरं. तीन चतुर्थांश होते, त्यात आणखी थोडी भर घातली, आणि हातात राहिले चार बारांश? म्हणजे एक तृतीयांश? भर घालून कमी झालं?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “पण आई, ॲपमध्ये तर माझं सगळं बरोबर येतं.”

म्हटलं, दाखव बघू. तिने धडा परत उघडला. १/२ + १/३, पर्याय चार : २/५, ५/६, १/५, २/६. तिने क्षणात ५/६ दाबलं. पुढचं १/४ + २/३ : ३/७, ११/१२, ३/१२, २/७. पुन्हा क्षणात ११/१२. मी विचारलं, बेरीज कुठे केलीस? तर म्हणे, “करायची नसते गं. खाली सगळ्यांत मोठा आकडा असेल ते बघायचं. तसे दोन असतील तर ज्याच्या वर मोठा आकडा ते.”

मला हसावं की रडावं कळेना. पोरीने अपूर्णांक शिकायच्या ऐवजी ॲपचा प्रश्न काढणारा प्रोग्रॅम शिकून घेतला होता. आणि नियम चोख होता! छेद वेगळे आणि एकमेकांत न बसणारे असले की खरं उत्तर बहुतेक मोठ्या छेदाचंच असतं. ३/४ + १/८ मध्ये मात्र आठात चार बसतो, उत्तर ७/८, आणि मोठा छेद येतो तो चुकीच्या ४/१२ चा. तसले प्रश्न ॲपमध्ये आहेत, पण पुढच्या पातळीवर. तोवर ९७ टक्के होऊन धडा मिटलेला.

हे ९७ येतात कुठून? मदतीच्या पानावर लिहिलंय की ‘बेझियन ज्ञानमापन’ वापरतो आणि ९५च्या पुढे गेलं की धडा पूर्ण धरतो. ही पद्धत १९९०च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी मांडली. त्यात प्रत्येक कौशल्यासाठी चारच आकडे लागतात : मुलाला ते आधीपासून येत असण्याची शक्यता, एका प्रश्नागणिक शिकण्याची शक्यता, येत नसताना अंदाजाने बरोबर येण्याची, आणि येत असताना हात घसरून चुकण्याची.

मी कागदावर करून बघितलं. समजा सुरुवातीला येत असण्याची शक्यता ४० टक्के धरली. पर्याय चार, म्हणून अंदाज लागण्याची २५ टक्के. घसरण्याची १०, शिकण्याची १०. पहिलं उत्तर बरोबर आलं की ४० चे होतात ७४. दुसरं बरोबर, ९२. तिसरं बरोबर, ९८. संपलं! तीन टिचक्या आणि मूल अपूर्णांकात पारंगत. आता यातला फक्त एक आकडा बदला. मूल चारपैकी दोन पर्याय बघताक्षणी बाद करू शकतं असं धरून अंदाज लागण्याची शक्यता ५० करा, तर त्याच तीन उत्तरांनी ८६ पर्यंतच पोचतं. आणि चिऊसारखी युक्ती दर वेळी लागूच पडणार असेल, तर बरोबर उत्तरातून तिच्या बेरजेबद्दल कळतं शून्य. गणित चोख आहे, त्याच्या तोंडात घातलेला २५ चुकीचा आहे. तो २५ कोणीतरी माणसाने बसून ठरवला, किंवा ठरवायचा राहून गेला.

कॉर्बेट-अँडरसन यांच्या प्रयोगात विद्यार्थी छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहीत आणि यंत्र पायरी-पायरीवर नजर ठेवी. तिथे आंधळेपणाने टिचकी मारून पुढे जायची सोय फारशी नव्हती. त्याहून मागे जायचं तर १९२०च्या दशकात सिडनी प्रेसीने शिकवणारं यंत्र केलं, त्यात पर्यायातून एक बटण दाबायचं असे. १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने आपलं यंत्र केलं तेव्हा त्याचा आग्रह होता की विद्यार्थ्याने उत्तर निवडायचं नाही, स्वतः तयार करायचं. स्किनरच्या बाकी मतांशी माझं फार जमत नाही, पण हे त्याला कळलं होतं. आमचं ॲप शंभर वर्षांपूर्वीच्या बटणावर थांबलंय. कारण उघड आहे : बटण तपासायला एक ओळ कोड पुरतो.

इथवर मी समजून घेतलं असतं. भूमितीच्या वेळी जे झालं ते मात्र मनातून जात नाही.

प्रश्न असा : आयताची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे, परिमिती ३६ मीटर, तर क्षेत्रफळ किती? चिऊने वही ओढली, पट्टीने आयत काढला, मधोमध रेघ मारून त्याचे दोन चौरस केले. मग बोटाने कडेने फिरत गेली : वर दोन, खाली दोन, बाजूला एक-एक. सहा सारखे तुकडे. ३६ भागिले ६, म्हणजे एक तुकडा ६. एक चौरस ३६, दोन चौरस ७२. बीजगणिताचा ‘क्ष’ तिला अजून माहीतही नाही. मी मागे उभी राहून बघत होते आणि मनातल्या मनात नाचत होते.

ॲपला यातलं काय दिसलं? चाळीस सेकंद हालचाल नाही. म्हणून पडद्यावर मधोमध इशाऱ्याची चौकट आली : ‘रुंदी क्ष माना.’ चौकट बंद करायला तिच्यावर टिचकी मारावी लागते, आणि टिचकी मारली की नोंद होते ‘मदत घेतली’. तिने ७२ लिहिलं. (भूमितीत निदान आकडा लिहू देतात.) बरोबर म्हणून दाखवलं, पण गुण नाही, कारण मदत घेतलेली. असं पाच-सहा प्रश्नांत झालं आणि ॲपने तिला दोन इयत्ता खाली नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर : ‘चौकटी मोजा आणि क्षेत्रफळ सांगा.’

“आई, मी भूमितीत ढ आहे का?”

नाही म्हणाले. सहा तुकडे कसे दिसले ते मला परत समजावून सांग, म्हणाले. तिने सांगितलं, पण मन लागत नव्हतं. तिला वर्तुळ दिसत होतं, लाल, २८ टक्के. त्यानंतरच्या आठवड्यात तिने वही घेणंच सोडलं. आकृती काढली की उशीर होतो, उशीर झाला की ती चौकट येते. ती पडद्याकडे बघत मनातच काहीतरी करायची आणि दाबून टाकायची. ॲपच्या आलेखात मात्र प्रगती! सरासरी वेळ ९४ सेकंदांवरून ३१ वर.

वेळ मोजण्यात मुळात काही गैर नाही. सात आठे किती याला कोणी दीड मिनिट घेत असेल तर ते पाठ नाही एवढं नक्की. पण हाच काटा ॲपने सगळ्या विषयांना लावलाय. पाढा आठवण्याचा वेळ आणि आयत फोडून बघण्याचा वेळ त्याच्या लेखी एकाच जातीचे सेकंद. माझी आई प्राथमिक शाळेत शिकवायची. ती चुकलेल्या उत्तरावर फुली मारायच्या आधी “कसं काढलंस?” एवढं विचारायची, आणि बरोबर उत्तर देणाऱ्यालाही तेच विचारायची. या ॲपमध्ये सात महिन्यांत हा प्रश्न एकदाही आला नाही.

हे घरापुरतं राहिलं असतं तर मी ॲप उडवून मोकळी झाले असते. पण शाळेनेही तेच घेतलंय. पालकसभेत वर्गशिक्षिकेने टॅब्लेट पुढे केला : गणित, ‘मध्यम-खालचा गट’. मी विचारलं, “मॅडम, तुम्हाला स्वतःला ती कशी वाटते?” त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, “खरं सांगू? हात वर करते, प्रश्न विचारते, चांगली आहे. पण गट आता इथूनच येतात. एवढ्या मुलांचं मी कुठे लक्षात ठेवू?” मला त्यांचा राग आला नाही. ॲपने त्यांचं काम हलकं केलंय ते खरं आहे, रात्रीचं तपासणं वाचलंय. पण गट ठरला की सराव-पत्रिका त्या गटाची, सोपी पत्रिका म्हणजे सोपे प्रश्न, सोप्या प्रश्नांवरून पुढचा आकडा. मुलगी त्या गटातली आहे हे पुढच्या तिमाहीत आपोआप सिद्धच होणार. माझ्या कामात याला आम्ही साधं नाव देतो : आउटपुटच इनपुट म्हणून परत आलं. आम्ही असली गोष्ट चूक म्हणून नोंदवतो.

मग मी चूक नोंदवायला गेले. ॲपमध्ये तसं बटण नाही. ‘मदत’ दाबलं की गप्पा मारणारा यंत्रमानव येतो आणि पासवर्ड बदलायचा आहे का विचारतो. मेल केली. दोन दिवसांनी उत्तर : आमची प्रणाली तुमच्या पाल्याच्या कामगिरीवरून सतत शिकत असते. दुसऱ्या मेलमध्ये मी आकृतीचा फोटो जोडला, चौकट कशी आड येते ते लिहिलं. उत्तर अक्षरशः तेच, फक्त खालचं नाव वेगळं. तिसऱ्यांदा मी एकच विचारलं : एखादी नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करायचा अधिकार तुमच्याकडे कोणाला आहे? त्याला उत्तर आलं नाही.

चुकीची नोंद काल्पनिक नव्हती बरं का. चिऊला ताप आला होता तेव्हा तिची सलग दिवसांची ज्योत विझू नये म्हणून आमच्या नवरोबांनी रात्री पावणेबाराला तिच्या नावाने ९ प्रश्न सोडवले. दोन चुकले. (एक वजाबाकीचा होता. यावर घरात अजून बोलणं होतं.) ते दोन चुकलेले प्रश्न आता कायमचे अकरा वर्षांच्या मुलीच्या खात्यावर आहेत, आणि ‘पाल्य रात्री उशिरा अधिक सक्रिय’ अशी सूचनाही मला येऊन गेली.

शेवटी मी मुलीची सगळी माहिती मागवली. ती सोय आहे, सेटिंगच्या चौथ्या पानावर, आणि तीन आठवड्यांनी फाइल आली. साडेअकरा हजार ओळी. एका रविवारी बसून वाचल्या. प्रश्न क्रमांक, निवडलेला पर्याय, किती सेकंद लागले, उत्तर बदललं का, बोट पडद्यावर कुठे टेकलं, बॅटरी किती उरली होती. सगळं आहे. वहीतला आयत नाही, तो असायचं कारणही नाही. पण एक रकाना बघून थांबले : ‘सोडून जाण्याचा धोका’. दर आठवड्याला ताजा केलेला. अपूर्णांकांच्या आकड्यामागे चार गोष्टी होत्या. या रकान्याशेजारी वीसेक होत्या : किती दिवसांनी उघडलं, सूचना आल्यावर किती मिनिटांत उघडलं, पालकांनी अहवाल वाचला का. माझ्या तिसऱ्या मेलच्या आठवड्यात त्यात ‘मध्यम’चं ‘उच्च’ झालं होतं. मेल कोणीतरी वाचली होती म्हणायची, निदान कोडने तरी.

२०२२ साली ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ४९ देशांतली १६०हून अधिक शैक्षणिक उत्पादनं तपासली होती, साथीच्या काळात सरकारांनी मुलांसाठी सुचवलेली. त्यातली बहुसंख्य मुलांच्या हक्कांना धोका होईल अशा रीतीने त्यांची माहिती हाताळत होती. तेव्हा मी ती बातमी ‘दुसऱ्यांची’ म्हणून वाचून पुढे गेले होते.

याच साथीतली आणखी एक गोष्ट मला सारखी आठवते. २०२० मध्ये इंग्लंडात शाळा संपतानाची ए-लेव्हल परीक्षा रद्द झाली आणि ऑफक्वल या नियामक संस्थेने श्रेणी अल्गोरिदमने ठरवल्या. शाळेचा आधीच्या वर्षांचा निकाल त्यात मोठा घटक होता. १३ ऑगस्टला निकाल लागला. सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्या अंदाजापेक्षा खाली उतरवलेल्या निघाल्या. अगदी छोट्या वर्गांना शिक्षकांचाच अंदाज लागू होता, त्यामुळे कमी मुलांचे वर्ग चालवणाऱ्या खासगी शाळांचं फावलं आणि मोठ्या सरकारी शाळांतली हुशार मुलं आपल्या शाळेच्या जुन्या निकालापायी खाली गेली. मुलं फलक घेऊन रस्त्यावर आली. १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली आणि शिक्षकांचे अंदाज धरले. चार दिवस! तो अल्गोरिदम एका दिवशी, सगळ्या देशावर, एकदम चालला, म्हणून सगळ्यांना एकदम दिसला. चिऊचा ‘मध्यम-खालचा गट’ रोज थोडा थोडा, एकेका मुलाच्या पडद्यावर ठरतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा पडदा वेगळा. फलक घेऊन उभं राहायचं ते कोणी आणि कुठे?

मला काय हवं आहे ते फार नाही. आकड्याशेजारी तो कसा आला ते दोन ओळींत. इशाऱ्याची चौकट मागितल्यावरच. आणि ‘हे चुकीचं आहे’ असं एक बटण, ज्याच्या पलीकडे पगारी माणूस बसलेला असेल. शाळेत मी लेखी दिलं की गट ठरवताना शिक्षिकेचं मत आकड्याच्या वर धरावं. मॅडमनी तो कागद ठेवून घेतला आणि चिऊला गुपचूप वरच्या गटाच्या सराव-पत्रिका द्यायला लागल्या. त्यांच्याकडे तेवढंच आहे, तेवढं त्या करतायत.

तारे द्यायचे तर शब्दांसाठी चार, गणितासाठी एक. सरासरी अडीच होते, पण इथे अर्धा तारा देता येत नाही म्हणून दोन.

परवा गणिताचा भाग बंद केला, शब्दांचा ठेवला. बंद करताना पडद्यावर प्रश्न आला : ‘आपण का सोडून जात आहात?’ खाली चार पर्याय. वेळ मिळत नाही, किंमत जास्त वाटते, दुसरं ॲप घेतलं, पाल्याने आवश्यक ती सर्व उद्दिष्टं यशस्वीपणे पूर्ण केली आहेत. लिहायला जागा नाही. मी बोट अधांतरी धरून बसले होते, तेवढ्यात चिऊ खांद्यावरून डोकावली.

“आई, सगळ्यांत लांब आहे ते दाब. बहुतेक तेच बरोबर असतं.”